चौथीची शाळा नऊला, नववीची मात्र सातला!

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना सांगितलं. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढला, त्यावरून हे झालं. चांगलंच झालं. पण ज्यांचं झोपेचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं, ती मुलं चौथीत नसतात, नववीत असतात. आणि दोन सत्रांत भरणाऱ्या कित्येक शाळांत सकाळी ७ चं सत्र नेमकं माध्यमिकच्या वाट्याला येतं.

वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, पाझरायची वेळ साधारण १ ते २ तासांनी लांबते. दिवसभराच्या जागरणाने साचणारा झोपेचा दाबही लहान मुलांपेक्षा सावकाश वाढतो. त्यामुळे रात्री दहाला टक्क जागं असलेलं पोर नाटक करत नसतं. (मोबाइल हे दुखणं वाढवतो, पण ते मोबाइलपासून सुरू झालेलं नाही.) १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. क्लास, जेवण, गृहपाठ उरकून साडेअकराला आडवं व्हायचं आणि पावणेसहाला उठायचं, म्हणजे झाले सव्वासहा तास. त्यातही कापले जातात ते पहाटेचे. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, तेव्हाच जास्त असते आणि भावना ताळ्यावर ठेवायला तिची मोठी मदत होते. कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग तसाही पंचविशीपर्यंत घडत असतो. अपुऱ्या झोपेत तो आणखी ढिला पडतो. मग ‘हल्ली फार उलट बोलतो’ ही तक्रार सुरू!

कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं कायद्यानेच साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे तसं होईपर्यंत घरातच काय ते करावं लागेल.

सगळ्यात हमखास फसणारा उपाय म्हणजे ‘आजपासून नऊला झोप’. नेहमीच्या झोपेआधीचे दोनेक तास मेंदू उलट जास्त तरतरीत असतो. मूल तळमळतं आणि अंथरुणाचीच धास्ती घेतं. त्यापेक्षा दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. उठण्याची वेळ मात्र पक्की ठेवा. उठल्यावर २० मिनिटं बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडू द्या, घड्याळ मागे ओढायचं काम तोच करतो. रविवारी फार तर तासभर जास्त झोपू द्या. अकरापर्यंत लोळलं की सोमवारी पुन्हा पहिले पाढे. दुपारची डुलकी चारच्या आत, २० मिनिटांची, गजर लावून. तासभर झोपलं तर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही उडते.

‘अभ्यासाला बसतोय, चहा दे’ हेही तपासा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्री आठच्या चहातलं निम्मं एक वाजताही अंगात. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘अलार्म लावायचाय’ म्हणून तो उशाशी परत येतोच.

एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, मूल मोठ्याने घोरत असेल किंवा अंथरुणात पाय सतत हलवत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. पायांच्या तक्रारीत, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींच्या बाबतीत, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनचीही (म्हणजे लोहाच्या साठ्याची) तपासणी करायची का, ते विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो.