पाच्छापूरचा पाहुणा

रायगड जिल्ह्यातल्या सुधागड किल्ल्यावर जाताना पाच्छापूर गाव लागतं. परवाच्या ट्रेकला बरोबरच्या एका पोराने विचारलं, "काका, पाच्छा म्हणजे काय?" म्हटलं, पातशहा. पातशहापूर बोलता बोलता पाच्छापूर झालं. "मग इथे कुठला पातशहा आला होता?" चढ सुरू व्हायचा होता, मी "औरंगजेबाचा मुलगा" म्हणून विषय आटोपला. पण तो माणूस काही डोक्यातून जाईना. म्हणून ही लांबण.

शहजादा अकबर. जन्म १६५७, औरंगाबाद. महिन्याभरात आई गेली. तिच्याच कबरीवरचा बिबी का मकबरा आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. मोगलांत थोरल्याला गादी असा नियम नव्हता. तख्त नाहीतर तिरडी. हा पाळण्यात असतानाच बापाने आजोबाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, पाठोपाठ दारा आणि मुराद हे दोन काका मारले गेले. अशा घरात वाढलेल्या पोराने जानेवारी १६८१ मध्ये मारवाडच्या राठोड राजपुतांच्या जोरावर स्वतःला बादशहा जाहीर केलं, तर नवल ते काय?

औरंगजेब तेव्हा अजमेरला होता आणि त्याच्याजवळ फौज थोडी होती. अकबर झडप घालता तर इतिहास कुठल्या कुठे गेला असता. पण मारवाडातल्या नाडोलहून अजमेरला यायला साहेबांनी पंधरवडा घालवला. म्हाताऱ्याला तेवढी उसंत पुरली. त्याने मुलाच्या नावे पत्र लिहिलं, "शाब्बास, राजपुतांना बरोबर सापळ्यात आणलंस," आणि ते राठोडांचा पुढारी दुर्गादास याच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. दुर्गादास मध्यरात्री खुलासा मागायला अकबराच्या तंबूवर गेला. शहजादे झोपलेले! नोकर उठवायला तयार होईनात. मग तो अकबराचा साथीदार सरदार तहव्वुरखान याच्याकडे गेला, तर तो आधीच बादशहाच्या छावणीकडे निघून गेलेला. पत्र खरंच, असं समजून राजपूत रातोरात निघून गेले. सकाळी अकबर उठला तेव्हा त्याच्यापाशी जेमतेम साडेतीनशे स्वार उरले होते.

एवढ्यावरून आपल्याकडे त्याला बावळट ठरवून मोकळे होतात. होताच थोडा. पण माझ्या मते ती झोप निमित्त होती. मोगल शहजाद्याच्या शब्दावर कुणाचाच विश्वास नसतो हे औरंगजेबाला पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतः त्याच वाटेने तख्तावर चढला होता.

कावा कळल्यावर दुर्गादास परत फिरला, अकबराला सोबत घेतलं आणि जून १६८१ मध्ये त्याला संभाजीराजांच्या राज्यात, सुधागडाजवळच्या पालीच्या मुलखात आणून सोडलं. इथे त्याला गवताने शाकारलेलं मोठं घर मिळालं. आतून पांढरं कापड लावलेलं, खाली साधे गालिचे. कोकणचा पाऊस आणि गवती छप्पर, दिल्लीच्या माणसाला काय वाटलं असेल! अण्णाजी दत्तो वगैरे जुन्या कारभारी मंडळींनी संभाजीराजांविरुद्ध मदत मागायला यालाच पत्र धाडलं, आणि ती बातमी याच्याकडूनच राजांना कळली. नोव्हेंबरात पातशहापूरला दोघांची भेट झाली.

"राजांनी अकबराला घेऊन सरळ दिल्ली गाठायला हवी होती," असं लिहिणारे बरेच भेटतात. अहो, समोर जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढाई पेटलेली, औरंगजेब अख्खी फौज घेऊन दक्षिणेत उतरलेला. दिल्ली गाठायची कशाने? पाच वर्षांहून जास्त काळ त्याला सांभाळलं, हेच मला मोठं वाटतं.

१६८७ मध्ये राजापूरहून जहाजात बसून तो मस्कतमार्गे इराणला गेला. तिथल्या शहाने पाहुणचार केला, पण बापाशी लढायला फौज देईना. वाट बघत बसायचं, बस. १७०६ मध्ये मशहदला वारला. बाप त्यानंतर वर्षभराने गेला!

त्याची दोन मुलं मात्र मागे मारवाडात, दुर्गादासाच्या आसऱ्याला राहिली. १६९६ मध्ये मुलगी सफीयतुन्निसा आजोबांकडे परत आली. औरंगजेब तिच्या धर्मशिक्षणासाठी बाई नेमायला निघाला, तर पोरगी म्हणाली, गरज नाही. दुर्गादासाने अजमेरहून एक मुसलमान बाई शिकवायला आणली होती, आणि कुराण तिचं पाठ होतं.