नंबर वर न्यायचाय? मग आधी लिहिणं थांबवा

परवा मी गूगलवर माझाच एक लेख शोधायला गेलो. सायकलची निसटलेली साखळी कशी बसवायची, यावरचा. लगेच सापडला. दुसऱ्या क्रमांकावर, फक्त भलत्याच वेबसाइटवर. माझा होता सहाव्या पानावर, जिथे मीही पहिल्यांदाच गेलो. तेव्हा आपला ब्लॉग वर यावा असं वाटत असेल, तर ऐका.

सर्वांत आधी लिहिणं सोडा. लिहायला दोन संध्याकाळी जातात, चोरायला दोन बटणं पुरतात.

एक शब्द धरा आणि सोडू नका. ‘सायकलची साखळी बसवण्याआधी सायकलची साखळी म्हणजे काय ते पाहू.’ शिवाय मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदीत, शंभरेक कीवर्ड (शोधशब्द) कोंबा. क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही बघतच नाही, असं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. असू द्या, कोंबा.

जुन्या लेखाची तारीख रोज बदला. लेखाला हात लावू नका.

‘तुमचा अलेक्सा रँक सुधारून देतो’ अशी मेल आली की ताबडतोब पैसे भरा. वेबसाइटवर किती लोक येतात यावरून लावलेली ती क्रमवारी १ मे २०२२ ला बंद झाली, म्हणजे आता घसरायची भीतीच नाही! ती चालू होती तेव्हाही आकडे बरेचसे तिचा टूलबार (ब्राउझरमधली एक पट्टी) बसवणाऱ्यांवरून निघायचे. म्हणून हुशार मंडळी स्वतः टूलबार बसवून दिवसभर आपलंच पान उघडत बसायची. (मीही आठवडाभर बसलो होतो. असो.)

दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घ्या. २०१२ मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशांना झोपवलं होतं, पण तुम्ही वेगळे.

आणि चोरी करताना ती नीट करा. एकसारखी दोन पानं दिसली की शोधयंत्र सहसा त्यातलं एकच पुढे करतं, आणि मूळ कुठलं हे अंदाजाने ठरवतं. तो अंदाज आपल्या बाजूने लागला की झालं. माझ्या लेखाचं ज्यांनी सोनं केलं, त्यांनी ‘मागच्या लेखात मी म्हटलं होतं’ हे वाक्यही तसंच ठेवलंय. मागचा लेख कुठला, महाराज? फोटोत ग्रीसने काळा झालेला अंगठा माझा आहे, त्यावर शिक्का तुमचा. पकडले जाऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतलेत, त्यात साखळीची ‘शृंखला’ झाली आणि चक्राच्या दात्यांचे ‘दंत’. दंत! त्यावर परवा त्याच पत्त्यावरून मला मेल: ‘आमच्याकडे पाहुणा लेखक म्हणून लिहाल का?’

लिहितो की. इथेच लिहितो. अरे, चोरलंस तर चोरलंस, पण वाचलंस तरी का? ‘पेडल फिरत असताना बोट साखळीजवळ नेऊ नका’ ही ओळ मी ठळक अक्षरांत दिली होती. ती काढून तिथे तू जाहिरात टाकलीस. लोक तुझं पान मोबाइलवर उघडून, सायकल उलटी करून, एका हाताने पेडल फिरवत ते वाचतात. मधली ओळ गायब. एखाद्याचं बोट दात्यांत सापडलं तर त्याला काय दाखवणार आहेस, तुझा रँक? लाज नाही, निदान अक्कल तरी वापर. लेख ठेव, फोटो ठेव, माझा अंगठाही ठेव. ती ओळ आजच्या आज परत टाक.