‘द गिव्हर’ मराठीत सांगताना

गेला महिनाभर आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर एक इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगितली गेली. लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने ती शाळेच्या ग्रंथालयातून आणून दोन दिवसांत संपवली, आणि ही गोष्ट आजीला कळलीच पाहिजे असा तिने हट्ट धरला. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यामुळे पुस्तक हातात धरून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत जाण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती आधी वाचलेली नसल्यामुळे पुढे काय होणार हे मलाही ठाऊक नव्हते. ज्यांना ही कादंबरी स्वतः वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण कथेचे रहस्य उघड केल्याशिवाय मला जे म्हणायचे आहे ते सांगता येणार नाही.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अशा भयकारी भविष्यकाळाच्या कादंबऱ्यांना इंग्रजीत डिस्टोपियन म्हणतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा लढाया, पाठलाग आणि उठाव यांच्या वेगावर वाचल्या जातात. ‘द गिव्हर’मध्ये लढाई नाही. जोनास नावाचा अकरा वर्षांचा मुलगा जिथे राहतो त्या वसाहतीत भूक नाही, युद्ध नाही, डोंगर नाहीत, बर्फ पडत नाही आणि रंगही नाहीत. प्रत्येक घरात वाटून दिलेले आईवडील आणि वाटून दिलेली दोन मुले, एक मुलगा व एक मुलगी. नऊ वर्षांचे झाले की सायकल मिळते आणि बारा वर्षांचे झाले की ज्येष्ठांची समिती जन्मभराचे काम नेमून देते. रात्री जेवताना प्रत्येकाने दिवसभरातल्या भावना सांगायच्या आणि सकाळी न्याहारीच्या वेळी स्वप्ने सांगायची. हे ऐकून सासूबाई पहिल्या रात्री म्हणाल्या होत्या, “घर चांगलं दिसतंय की गं.” त्यांचे काही चुकले नव्हते. पहिली काही प्रकरणे वाचताना तसे वाटावे अशीच लेखिकेची इच्छा आहे.

या पुस्तकाचे खरे भय त्यातल्या भाषेत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते मराठीत सांगावे लागल्यामुळे मला अधिक स्पष्ट दिसले. कादंबरीची सुरुवातच एका शब्दाच्या शोधाने होते. डिसेंबर जवळ येत आहे आणि जोनासला भीती वाटू लागली आहे, असे सांगून लेखिका लगेच त्याला थांबवते, कारण ‘भीती’ हा नेमका शब्द नाही हे त्याच्या लक्षात येते. तो मनात शब्द चाचपून पाहतो आणि अखेर योग्य तो शब्द मिळाल्यावर त्याला बरे वाटते. मराठीत मी तिथे ‘धाकधूक’ म्हटले. त्या वसाहतीत नेमके बोलणे हा केवळ शिष्टाचार नाही, तो नियम आहे. जोनास चार वर्षांचा असताना एकदा दुपारच्या जेवणाआधी उपासमार होते आहे असे म्हणून गेला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन समजावण्यात आले की वसाहतीत कोणाचीही उपासमार झालेली नाही आणि होणारही नाही, त्याला फक्त भूक लागली आहे. माझी मुलगी शाळेतून आल्यावर दारातच “भुकेने जीव चाललाय” असे ओरडते. तेच वाक्य मी त्या प्रसंगात वापरले तेव्हा तिला जोनासचा अपराध नेमका कळला, आणि पाठोपाठ त्या अपराधाला अपराध म्हणणारी वसाहतही कळली.

याहून जड प्रसंग आहे तो जोनासचा मित्र ॲशर याचा. तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना त्याच्या तोंडून एका अक्षराची चूक होई आणि इंग्रजीत त्या चुकीच्या शब्दाचा अर्थ ‘चापट’ असा होतो. तो खाऊ मागे आणि त्याला छडी मिळे, हे इतक्या वेळा झाले की काही काळ ॲशरने बोलणेच बंद केले. ही हकिकत वसाहतीची प्रमुख भर समारंभात गमतीचा किस्सा म्हणून सांगते आणि सगळे सभागृह हसते. आमच्याकडे कोणी हसले नाही.

आता ज्या शब्दासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्याकडे येते. पहिल्याच प्रकरणात एक शिकाऊ वैमानिक सूचना चुकीच्या वाचून वसाहतीवरून विमान नेतो, आणि ध्वनिक्षेपकावरून सर्वांना कळवले जाते की त्याला ‘रिलीज’ केले जाईल. नियम तीनदा मोडणाऱ्याला, म्हाताऱ्यांना आणि नीट वाढ न होणाऱ्या तान्ह्या बाळांनाही ‘रिलीज’ केले जाते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्याचा सोहळा होतो, त्यांचे आयुष्य सर्वांना वाचून दाखवले जाते, आणि मग ते हसतमुखाने एका दारातून निघून जातात. लोक समजतात की ते दूर कुठल्यातरी ‘अन्यत्र’ नावाच्या जागी जातात. मी फारसा विचार न करता त्या शब्दासाठी ‘सुटका’ म्हटले. वैमानिकाची सुटका होणार, एवढेच. सासूबाईंनी हातातली वाती वळण्याची कापसाची गुंडी खाली ठेवली आणि विचारले, “म्हणजे मारणार का त्याला?”

माझ्या मुलीला ही गोष्ट एकोणिसाव्या प्रकरणात कळली होती. जोनासलाही तिथेच कळते. आजीला ती पहिल्याच प्रकरणात कळली हे पाहून ती अवाक् झाली, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मला मात्र पुढे वाचून बघावे लागले.

याचे कारण आपल्या भाषेत आहे. खूप दिवस अंथरुणाला खिळलेले माणूस गेले की आपण “सुटले बिचारे” म्हणतो. आपण ‘वारले’ म्हणतो, ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो, नुसते ‘गेले’ म्हणतो. मृत्यूला थेट नाव न देण्याची आपलीही रीत आहे आणि ती मला वाईट वाटत नाही, कारण ‘सुटले’ म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते की दारात तिरडी बांधली जात आहे. त्या शब्दाच्या आत त्या माणसाने भोगलेले आजारपण असते, आणि त्याची सेवा करून थकलेल्या माणसांबद्दलची कणवही असते. जोनासच्या वसाहतीत त्या शब्दाच्या आतले सगळे काढून घेतले आहे. जिथे भुकेला उपासमार म्हणणे चूक ठरते, तिथे हत्येसाठी सर्वांत धूसर शब्द वापरला जातो आणि त्याच्या नेमकेपणाबद्दल कोणीही कधी विचारत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून ‘मुक्तता’ म्हणू लागले, कारण कागदोपत्री वाटणारा हा कोरा शब्द मूळ शब्दाच्या जवळचा आहे. सासूबाई मात्र शेवटपर्यंत ‘सुटका’च म्हणत राहिल्या.

बाराव्या वर्षी जोनासला ‘स्मृतिग्राहक’ नेमले जाते. सगळ्या मानवजातीच्या आठवणी एका म्हाताऱ्या माणसाने एकट्याने सांभाळल्या आहेत, आणि तो मुलाच्या उघड्या पाठीवर हात ठेवून त्या त्याच्याकडे सोपवतो. पहिली आठवण बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने खाली येण्याची, मग उन्हाची, मग पुढे युद्धाची. हे कसे घडते याचे स्पष्टीकरण लेखिका देत नाही आणि ते मला खटकले नाही. खरा धक्का त्याला मिळालेल्या नियमांच्या कागदात आहे. त्यावर आठ नियम आहेत आणि शेवटचा नियम असा की त्याला खोटे बोलण्याची परवानगी आहे. तो हादरतो आणि लगेच त्याच्या मनात येते की हीच ओळ इतर मोठ्यांच्या कागदावरही असेल तर? आपल्या वडिलांच्याही? एका ओळीत लेखिकेने मुलाच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे, आणि मला वाटते की बारा वर्षांच्या वाचकाला इतक्या गांभीर्याने वागवणारी दुसरी ओळ मी वाचलेली नाही.

सोळाव्या प्रकरणात त्याला आजीआजोबांसह सण साजरा करणाऱ्या एका घराची आठवण मिळते. आजी आणि आजोबा म्हणजे कोण, हेच त्याला माहीत नसते. घरी येऊन तो आईवडिलांना विचारतो की तुमचे माझ्यावर प्रेम आहे का. ते हसतात. हा शब्द इतका निरर्थक झाला आहे की तो आता कोणी वापरत नाही, असे त्याला सांगितले जाते, आणि त्याऐवजी तुम्हाला माझ्या कामगिरीचा अभिमान वाटतो का असे विचारावे असा सल्ला मिळतो. ‘प्रेम’ हा शब्द मला तिथे पुस्तकी वाटत होता. सासूबाई म्हणाल्या, “‘तुमचा माझ्यावर जीव आहे का’ असं म्हण की.” मी ते लगेच स्वीकारले. त्या वसाहतीने या वाक्यावर पहिली हरकत हीच घेतली असती की जीव ज्याचा त्याच्या शरीरात असतो, तो दुसऱ्यावर कसा असेल? समजले, असे जोनास आईवडिलांना सांगतो, आणि ते त्यांच्याशी तो बोललेले पहिले खोटे असते.

एकोणिसावे प्रकरण मी सलग सांगू शकले नाही. जोनासचे वडील तान्ह्या बाळांचे संगोपन करणारे, मायाळू स्वभावाचे गृहस्थ आहेत. जुळी मुले जन्मली की त्यांतल्या कमी वजनाच्या बाळाची मुक्तता करणे हे त्यांचे काम असते. जोनास त्याचे चित्रण पाहतो. वडील बाळाशी लाडाच्या सुरात बोलत त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, आणि बाळ निपचित पडल्यावर त्याला खोक्यात घालून भिंतीतल्या झडपेतून खाली सोडून देतात. आवाजातला लाड शेवटपर्यंत तसाच राहतो. त्या माणसाला दुष्ट म्हणता येत नाही, कारण आपण काय करत आहोत हे जाणण्यासाठी लागणारा शब्दच त्याच्याजवळ नाही. मी थांबले तेव्हा मुलगी उठून माझ्याजवळ येऊन बसली, आणि पुढचा परिच्छेद तिने स्वतः आजीला सांगितला.

अमेरिकेत हे पुस्तक शाळांतून काढून टाकावे अशी मागणी अनेक ठिकाणी झाली, आणि १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. मुलांना एवढे कठोर वाचायला देऊ नये ही काळजी मी समजू शकते, पण मला ती पटत नाही. ज्या वयात मुले मोठ्यांच्या शब्दांमागचे ओळखू लागतात, त्याच वयात त्यांच्याजवळ असे पुस्तक असावे.

पदक स्वीकारतानाच्या भाषणात लाउरी यांनी आपल्या वृद्ध वडिलांविषयी सांगितले होते. त्यांची स्मृती अधू झाली होती, आणि भिंतीवरच्या छायाचित्रात आपली थोरली मुलगी हेलन ओळखूनही, ती तरुणपणीच वारली हे ते विसरून गेले होते. दुःख असे पुसले गेले तर माणूस किती सुखात राहील, हा विचार लाउरी यांच्या मनात आला, आणि त्यापाठोपाठ असे विसरणे सुरक्षित आहे का हा प्रश्नही आला. कादंबरी त्या प्रश्नातून उगवली. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शेवट लेखिकेने मोकळा सोडला आहे. वडिलांनी काही काळ सांभाळायला घरी आणलेल्या गॅब्रिएल या बाळाची मुक्तता होणार हे कळल्यावर जोनास त्याला घेऊन वडिलांच्या सायकलवरून रात्रीच पळ काढतो. अखेर थंडीने गारठलेले ते दोघे बर्फाळ टेकडीवरून घसरगाडीने खाली निघतात, आणि खाली दिवे दिसतात, गाणे ऐकू येते. हा पलायनाचा भाग मला थोडा घाईचा वाटला, पण शेवटची दोन पाने मी तीनदा वाचली. मुलीचे म्हणणे असे की दोघेही बर्फात गेले आणि ते दिवे म्हणजे केवळ आठवण आहे. सासूबाईंनी दुलई गुडघ्यांवर ओढून घेतली आणि म्हणाल्या, “पोचली दोघं. खाली कुणाचं तरी घर होतं.” यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालू आहे. या कादंबरीनंतर लाउरी यांनी २००० ते २०१२ या काळात त्याच जगातल्या आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत या वादाचे उत्तर आहे, हे मी त्या दोघींना अजून सांगितलेले नाही.