पाच कोटी, पंचवीस कोटी आणि बॅनरवरचे चारशे कोटी

अधिवेशन जवळ आलं की एक मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात, पाच वर्षांत पंचवीस, गेले कुठे? बजेट मंत्री आणि बाबू बनवतात, आमदार नुसती बाकं वाजवतो नाहीतर सभात्याग करतो. शेजारच्या तालुक्याच्या आमदाराने चारशे कोटी आणले, आपल्याने काय आणलं? विरोधी पक्षाचा आमदार म्हणजे पाच वर्षं पाण्यात. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: निवडून आल्यापासून मतदारसंघात तोंड दाखवलेलं नाही.

राग खोटा नाही. पण या मजकुराला कुठलाही मुरलेला आमदार घाबरत नाही, कारण त्याला ज्यांची उत्तरं द्यायला जड जाईल असे प्रश्न यात नाहीतच.

"पंचवीस कोटी गेले कुठे?"

आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे, ही गोष्ट खरी. पण तो आमदाराच्या खात्यात येत नाही. आमदार काम सुचवणारं पत्र देतो. जिल्हा नियोजन कार्यालय ते निकषात बसतं का बघतं, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, काम सार्वजनिक बांधकाम खातं किंवा जिल्हा परिषद करून घेते आणि बिल तिथूनच निघतं. आमदाराच्या हातात पत्र आहे, चेकबुक नाही.

मग टक्केवारी होत नाही का? त्याची कुजबुज प्रत्येक तालुक्यात असते आणि ती सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण "पंचवीस कोटींचा हिशेब द्या" म्हटल्याने टक्केवारी सापडत नाही. त्यासाठी एका कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, मागावी लागते. दहा लाखांचा सभामंडप घ्या. अंदाजपत्रकातच १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर धरलेला असतो. प्रत्यक्ष बांधकामाला उरतात साडेआठ लाखांच्याही आत. मंडप तेवढ्याचा तरी दिसतो का, हे एमबीतली लांबी-रुंदी आणि जागेवरची लांबी-रुंदी पडताळली की कळतं. टेप लावायला इंजिनिअर लागत नाही.

दुसरं, रकमेचा आवाका. मतदारसंघात दीडशे गावं-वाड्या धरल्या तर ५ कोटींतून एका गावाला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास येतात. तेवढ्यात गावातला एक गल्लीरस्ता नीट होत नाही. आणि सगळ्या २८८ आमदारांचा निधी एकत्र केला तरी १,४४० कोटी होतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च ७,००,०२० कोटी दाखवला होता. म्हणजे शंभर रुपयांतले वीस पैसे. मजकूर या वीस पैशांवरून रान उठवतो आणि उरलेल्या नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैशांबद्दल चकार शब्द काढत नाही.

"बजेट बाबू बनवतात, आमदार बाकं वाजवतो"

यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि तो घटनेनेच तसा ठेवलाय. कलम २०३ प्रमाणे खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहात येऊच शकत नाही. सभागृह ती मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. विरोधकांच्या हातात कपात सूचना असते. ती बहुतेक वेळा रक्कम कापण्यासाठी नसतेच, त्या खात्यावर बोलायला मिळावं म्हणून असते. सत्ताधारी आमदाराच्या डोक्यावर व्हीप, म्हणजे पक्षादेश. घटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, १९८५ पासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकीवर गदा येते. अनेक खात्यांची पाळीच येत नाही. त्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मताला टाकतात.

तेव्हा "आमदाराने बजेट बदलून दाखवावं" ही अपेक्षा सभागृहातल्या मतदानाकडून ठेवली तर निराशाच पदरी येणार. खरी घासाघीस आधी होते आणि नंतर होते.

आधी म्हणजे मार्चच्या कितीतरी महिने आधी. खाती आपापले अंदाज तयार करत असतात, तेव्हा कुठला रस्ता यादीत घुसवायचा, कुठल्या पुलाचा अंदाज अजून उपविभागातच पडून आहे, कार्यकारी अभियंत्याकडून तो अधीक्षक अभियंत्याकडे कधी सरकणार, हे ज्याला माहीत असतं त्याचं काम बजेटच्या पुस्तकात येतं. मार्चमध्ये भाषण ठोकणाऱ्याचं येत नाही, भाषण कितीही फक्कड असो.

नंतर म्हणजे पुरवणी मागण्या, बजेट मांडून झाल्यावर त्याच वर्षासाठी मागितलेला जादा खर्च. या विषयावर आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं की नवल वाटतं. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. दोन आठवडे उलटायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यातला मोठा वाटा लाडकी बहीण योजनेसाठी होता. पुढच्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा ५७,५०९ कोटींच्या आल्या. अधिवेशनाच्या सुरुवातीला ते जाडजूड पुस्तक सदस्यांच्या हातात पडतं आणि थोड्याच दिवसांत मंजूरही होतं. आत खातं, लेखाशीर्ष (खर्च कुठल्या सदरात पडतो त्याचा क्रमांक), बाब क्रमांक आणि दोन-चार ओळींचं कारण. आपल्या तालुक्याच्या इमारतीची किंवा पाणीयोजनेची ओळ त्यात आहे की नाही, आणि असलीच तर किती रुपयांची, हे पाहून त्यावर बोलणारे आमदार मोजकेच. आपला आमदार त्यात आहे का, हे सभागृहाच्या कार्यवाहीत सापडतं.

आणि साध्या सदस्याच्या डोक्यातली कल्पना बजेटमध्ये कधी येतच नाही, हेही खरं नाही. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून? त्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तो हा कर. पन्नास वर्षं झाली, अजून कापतोय.

"शेजारच्याने चारशे कोटी आणले"

या एका वाक्यावर निम्मं राजकारण चालतं. "आणले" म्हणजे काय? बॅनरवर लिहिलेला आकडा सहसा कामाची अंदाजित किंमत असतो. समजा १२ कोटींचा रस्ता अर्थसंकल्पात आला. बॅनरवर १२ कोटी. पण त्या वर्षाची तरतूद उघडून पाहिली तर ती टोकन असू शकते, काही लाखांची. काम यादीत आहे एवढाच तिचा अर्थ. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश. मग बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, निधी येतो की नाही याची वाट बघत बसायचं. तो आला नाही की कंत्राटदार खडी टाकून गायब होतो, आणि खडीवरून घसरणारे आपण. राज्यभरातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत आलेत ती याच पायरीवरच्या पैशासाठी.

शिवाय त्या चारशे कोटींत काय काय मोजलेलं असतं! केंद्राचा राष्ट्रीय महामार्ग, जलजीवन मिशनची नळयोजना, जिल्हा परिषदेची शाळादुरुस्ती, घरकुलं, पीकविम्याची भरपाईसुद्धा. मुख्यमंत्र्यांचा फोटो, पालकमंत्र्यांचा फोटो, आणि खाली "यांच्या अथक प्रयत्नातून". त्याच रस्त्यावर खासदाराचा वेगळा बॅनर, जिल्हा परिषद सदस्याचा वेगळा. तीन बॅनरची बेरीज केली तर एकाच रस्त्याला छत्तीस कोटी.

बॅनरखाली उभं राहून विचारण्यासारखं एवढंच आहे: हेड, म्हणजे लेखाशीर्ष, कुठलं? २५१५ चं, म्हणजे गावांतर्गत मूलभूत सुविधांचं, की ३०५४ चं, म्हणजे रस्ते-दुरुस्तीचं, की ५०५४ चं, म्हणजे रस्ते-पूल बांधण्याचं? यंदाची तरतूद किती? काम कुठल्या पायरीवर आहे? मुरलेले कार्यकर्तेसुद्धा या प्रश्नाला "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतात.

"विरोधी आमदार म्हणजे पाच वर्षं पाण्यात"

हा मुद्दा पूर्ण खोडता येत नाही आणि मी खोडणारही नाही. २५१५ सारखा निधी मंत्रालयातून वाटला जातो आणि तो वाटताना पक्ष बघितला जातो, ही तक्रार प्रत्येक सरकारच्या काळातल्या विरोधकांनी केली आहे. सत्तेत राहूनही निधी मिळत नाही, राष्ट्रवादीकडच्या अर्थखात्याने आमची अडवणूक केली, असं २०२२ च्या बंडात शिवसेनेचे आमदार उघड बोलत होते. सरकार बदलल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली, आणि ती प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. आमदार तिथे बहुतेक निमंत्रित म्हणूनच बसतात. २०२५-२६ मध्ये जिल्हा वार्षिक योजनेला राज्यभरात २०,१६५ कोटी होते. पालकमंत्रिपदावरून एवढी रस्सीखेच का होते, ते या आकड्यावरून कळावं.

पण इथून "म्हणून सत्तेतलाच निवडा" या निष्कर्षावर उडी मारणं म्हणजे निधी ही पक्षाची खिरापत आहे हे आपणच मान्य करणं. पैसा कररूपाने सगळ्या तालुक्यांतून जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस दोनदा मंत्रिमंडळात आला, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सांगोल्याचे लोक पाच वर्षं पाण्यात घालवायला पुन्हा पुन्हा तोच उमेदवार निवडत होते असं म्हणायचं काय? तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), लोकलेखा समिती (सरकारी खर्च तपासणारी) ही विरोधकांची हत्यारं आहेत. लक्षवेधीला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि "तीन महिन्यांत काम पूर्ण करू" असं तो बोलला की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती आहे. ही हत्यारं गंजू देणारा विरोधी आमदार असेल तर त्याला जरूर धारेवर धरा. तो विरोधी आहे म्हणून नव्हे.

"मतदारसंघात तोंड दाखवलं नाही"

लग्न, दहावा, जत्रा, वाढदिवस हे दिसणं धरलं तर बहुतेक आमदार गरजेपेक्षा जास्तच दिसतात. त्यातला अर्धा वेळ त्यांनी फायली वाचण्यात घालवला तरी चालेल.

ज्या दिसण्याला अर्थ आहे त्याची एक जागा ठरलेली आहे: पंचायत समितीची वार्षिक आमसभा. अध्यक्ष आमदार. समोर तहसीलदार, गटविकास अधिकारी, महावितरण, बांधकाम, पाणीपुरवठा, कृषी अशा सगळ्या खात्यांचे अधिकारी, आणि खाली बसलेला कुणीही गावकरी उठून विचारू शकतो की डीपी जळून महिना झाला, रोहित्र कधी येणार. उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर. मागच्या आमसभेत ठरलेल्या कामांचा अनुपालन अहवालही वाचावा लागतो. अधिवेशनात विचारण्यासारखे निम्मे प्रश्न आमदाराला इथे आयते मिळतात, म्हणून चांगले आमदार ती अधिवेशनाच्या आधी लावतात. कित्येक तालुक्यांत मात्र ती वर्षानुवर्षं होतच नाही, आणि त्याबद्दल कुठला मजकूर फिरताना मी पाहिलेला नाही. आपल्या तालुक्यात शेवटची कधी झाली, याचं इतिवृत्त पंचायत समितीत असतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.