दोन तृतीयांश भरा म्हणे!

कपकेकची कुठलीही पाककृती काढून बघा. लोणी किती मऊ हवं यावर एक परिच्छेद. अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढा, एकेक करून घाला, मैदा पडल्यावर उगाच घोटत बसू नका, यावर आणखी दोन. आणि मग, काही विशेष घडणारच नाहीये अशा थाटात एक ओळ: 'तयार बॅटर साच्यात दोन तृतीयांश भरून घ्या.' पुढच्या ओळीत ट्रे ओव्हनमध्ये पोचलेला असतो. मधल्या वेळात ओट्यावर, मिक्सरच्या वायरवर आणि लिहिणाऱ्या बाईच्या कोपरावर काय काय घडलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. फोटोतला ट्रेही असा लख्ख की भरला की नुसता बघितला, कळू नये.

माझं ठाम मत आहे की बॅटर ओतणं हा प्रश्नच नाही. पडायला ते एका पायावर तयार असतं. प्रश्न ते थांबवण्याचा आहे. पाणी ओतताना भांडं सरळ केलं की धार तुटते, विषय संपतो. बॅटरची तार तुटत नाही. चमचा ट्रेच्या एका वाटीवरून उचलून पुढच्या वाटीकडे न्यावा, तर मधल्या सगळ्या प्रवासात ती तार खाली लोंबत येते आणि ट्रेच्या सपाट भागावर आपली सही करत जाते. 'बरं, निघतो आता' म्हणून उठलेला पाहुणा दारात चपला घालून आणखी पाऊण तास बोलतो ना, तसं हे बॅटर. निघालेलं असतं, पण जात नाही.

त्यात लायनर. वाटीत बसवायचे हे कागदी लायनर एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की एक काढला असं वाटतं आणि हातात दोन येतात. सुटा केलेला लायनर वजनाला काहीच नाही. श्वास जोरात सोडला तरी जागचा हलतो. पहिला चमचा बरोबर मध्यभागी पडला तर ठीक; जरा कडेला पडला की कागद त्या बाजूला झुकतो आणि दुसरी बाजू आत मिटते. ती सरळ करायला बोट घालावं, तर बोटाला बॅटर. चमच्याच्या टोकाला राहिलेलं लायनरच्या काठावर पुसावं, तर चमचा वर येताना तारेला लटकून लायनरच वर येतो. बॅटरसकट. अशा वेळी काय करावं हे कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं नाही. मी चमचा स्थिर धरून हाक मारते. भाची येते, लायनर दोन बोटांनी खाली ओढते आणि म्हणते, "मावशी, तू श्वास घे."

चमच्याचा नाद सोडून सरळ भांड्यातूनच ओतावं, तर तिथे विज्ञान आडवं येतं. भांड्याच्या काठावरून हळू ओतलेला द्रव समोर पडण्याऐवजी काठाला वळसा घालून भांड्याच्या पोटावरून खाली उतरतो. चहाच्या किटलीतही तेच होतं. मार्कस राइनर या शास्त्रज्ञाने १९५६ साली या प्रकाराला 'टीपॉट इफेक्ट' असं नावच देऊन टाकलं. वेग वाढवला की धार काठापासून सुटून पुढे पडते. काठ पातळ आणि धारदार असला तरी सुटते. आमच्या भांड्याचा काठ चांगला जाड, गोल, वळवलेला. म्हणजे हळू ओतलं तर बॅटर भांड्याच्या बुडाशी, तिथून माझ्या मनगटावर. जोरात ओतलं तर एकाच वाटीत तिघांचा वाटा.

आता ते दोन तृतीयांश. हा आकडा उगाच आलेला नाही. कमी भरलं तर कपकेक कागदाच्या तळाशी रुसून बसतो. जास्त भरलं तर वर येऊन बाहेर पसरतो, शेजारच्याला जाऊन मिळतो, आणि बाहेर निघते ती एक सलग फरशी. पण दोन तृतीयांश म्हणजे नेमकं कुठवर? आठवीतल्या भाचीने एकदा विचारलं, "मावशी, उंचीचे की घनफळाचे?" मी म्हटलं, "गप बस." पण प्रश्न रास्त होता. साच्याची वाटी तळाशी अरुंद आणि वर रुंद असते. त्यामुळे दोन तृतीयांश उंचीपर्यंत भरलं तरी बॅटर दोन तृतीयांश होत नाही, साठ टक्क्यांच्या आसपासच असतं. शिवाय घट्ट बॅटर मध्ये ढीग करून बसतं, कडेला पोचतच नाही. मग उंची मोजायची ढिगाची की कडेची? पाककृतीत उंचीच अभिप्रेत असते, तीही ढीग बसल्यानंतरची. हे कुणी लिहीत नाही.

यावर कुणीतरी वजनकाट्याचा उपाय सांगितला. नेहमीच्या मापाच्या वाटीत पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम टाकायचे, काटा शून्यावर आणायचा, पुढची वाटी. ऐकायला निर्दोष. प्रत्यक्षात बारा वाट्यांचा ट्रे काट्यावर ठेवला की काटा ट्रेखाली गडप होतो, आकड्यांसकट. मग भाचीने ओट्याशी वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून खालून समालोचन करायचं: "एकतीस... अडतीस... अजून... अगं थांब! त्रेसष्ट!" थांबवणं माझ्या हातात असतं तर काट्याची गरजच काय होती? शेवटी ट्रेऐवजी बॅटरचं भांडंच काट्यावर ठेवायचं, शून्य करायचं आणि काढत जायचं, ही युक्ती सापडली. आकडे उणे दाखवतात. उणे पन्नास आलं की एक वाटी झाली. हे खरंच चालतं. फक्त भांडं चुकून उचलायचं नाही.

हे सगळं निवांत करावं म्हटलं तर बॅटर थांबायला तयार नाही. बेकिंग पावडर ओली झाली की कामाला लागते. बाजारात मिळणारी बहुतेक पावडर दोन टप्प्यांत काम करते, थोडं ओलाव्याने आणि उरलेलं ओव्हनच्या उष्णतेने, म्हणून काही मिनिटांची सवड मिळते. पण पहिल्या टप्प्यातले बुडबुडे आपल्या नीटनेटकेपणाची वाट बघत नाहीत. आणि बुडबुडे जाऊ नयेत म्हणून बॅटर पुन्हा ढवळायचंही नाही. फार ढवळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, केक चिवट होतो.

पायपिंग बॅग, म्हणजे आयसिंगची टोकदार पिशवी, वापरणाऱ्यांचीही एक जमात आहे. बॅटर बॅगेत भरा, टोक कापा, वाटीवर धरून दाबा: ट्रेवर खरोखर थेंबही पडत नाही. मात्र बॅगेत भरताना जे सांडतं, तेवढं ट्रेमध्ये भरताना कधीच सांडलं नसतं. उंच ग्लासात बॅग उभी करून तिचा काठ बाहेरून दुमडला की भरणं बरंच सोपं जातं, हे कबूल. पण टोक कापताक्षणी बॅग वाहायला लागते, ती वाटी आली की नाही हे बघत नाही. कात्री खाली ठेवायला तिसरा हात हवा. दांड्याला खटका असलेलं बॅटर डिस्पेन्सर नावाचं नरसाळंही मिळतं. ते छान चालतं आणि मग धुवावं लागतं. स्प्रिंग, झडप, सगळं. त्यावर अधिक बोलायची इच्छा नाही.

कधीकधी वाटतं, खोट त्या ट्रेचीच आहे. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात 'लहान कपांत भाजण्याचा हलका केक' दिला आहे. कप म्हणजे कप, प्रत्येक सुटा. वाटी आणि वाटी यांच्यामधला सपाट भागच नाही, मग सांडणार कुठे? टेबलावर सांडत असेलच. पण टेबल ओव्हनमध्ये जात नाही. ट्रे जातो, आणि त्यावरच्या थेंबातली साखर तिथे १८० अंशांना करपून अशी चिकटते की लायनरचा काठ, थेंब आणि धातू यांचं नातं तोडायला सुरी लागते. म्हणून थेंब आधीच पुसायचा. फडक्याने पुसला तर पसरतो. ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून, कडेकडून आत, एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलं की शेजारचा लायनर खचलाच म्हणून समजा.

आणि शेवटची वाटी. ती कायम अर्धी राहते. मग श्रीमंत वाट्यांमधून चमचाभर काढून गरीब वाटीत घालण्याची मोहीम निघते. हेतू उदात्त. पण दर फेरीला तार ट्रेवर गळते, देणाऱ्या वाटीला खड्डा पडतो, आणि घेणाऱ्या वाटीचं पोट तरीही भरत नाही. अर्धी वाटी अर्धीच भाजावी. ती लवकर होते, स्वयंपाक करणाऱ्याने उभ्याउभ्या खावी.

मला तारलं ते आइस्क्रीमच्या स्कूपने. दांडा दाबला की आतली पाती फिरते आणि चिकटलेलं सगळं एका हाताने सुटतं. पिट्सबर्गच्या आल्फ्रेड क्रॅल यांनी १८९७ मध्ये अशा स्कूपचं पेटंट घेतलं. त्यांच्या डोळ्यांसमोर आइस्क्रीम होतं, पण चमच्याला चिकटणाऱ्या वस्तूचं दुःख त्यांना बरोबर कळलं होतं. या स्कूपवर नंबर असतो: एका अमेरिकन क्वार्टमध्ये, म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटरमध्ये, किती स्कूप बसतात तो. सोळा नंबर म्हणजे साठेक मिलिलिटर, एका वाटीचं माप. नंबर वाढेल तसा स्कूप लहान. आमच्याकडे आधी आठ नंबर आला, कारण आणणाऱ्या गृहस्थांचा 'आठ सोळापेक्षा लहान' या गणितावर विश्वास होता. त्या एका स्कूपात वाटी काठोकाठ भरते. "मग अर्धाच घे ना," असं ते गृहस्थ अजून म्हणतात.

स्कूपची खरी मेख उचलण्यात आहे. बॅटर घेतलं की स्कूपचं बूड भांड्याच्या काठावर एकदा ओढून कोरडं करायचं, मगच ट्रेकडे वळायचं. वाटीच्या अगदी जवळ नेऊन दांडा दाबायचा आणि उचलताना मनगटाला हलका पीळ द्यायचा. तार तिथेच तुटते. तेल आणि गरम पाणी घातलेलं चॉकलेटचं पातळ बॅटर याला दाद देत नाही, त्याला चोच असलेला जगच हवा, तोही भरभर ओतायचा आणि भरभर सरळ करायचा. बाकी सगळं स्कूपने होतं. हल्ली माझा ट्रे ओव्हनमधून जसा गेला तसा बाहेर येतो.

यावर नाराज असलेली घरात एकच व्यक्ती आहे. ट्रे निघाला की भाची सुरी घेऊन हजर असायची. वाट्यांमध्ये सांडून करपलेल्या कुरकुरीत पापड्या खरवडून खाणं हा तिचा हक्क होता. परवा ती ट्रे तिरका करून, उजेडात धरून बराच वेळ बघत होती.

"मावशी, कुठेच काही नाही?"

"कपकेक आहेत की बारा."

"ते नंतर खाईन गं," ती म्हणाली. "तो आठ नंबरचा स्कूप कुठे ठेवलास?"