एक्स-रेचं सोडा, माणूस कसा आहे ते विचारा

गेल्या पावसाळ्यात बाबा न्यूमोनियाने ॲडमिट होते. तेव्हापासून एका प्रश्नाचा मला वीट आलाय: "एक्स-रे क्लिअर आला का?" अहो, माणूस आधी सुधारतो, एक्स-रे मागून! ताप जातो, भूक लागते, तरी फोटोत डाग असतोच. उतारवयात तो जायला दोन-तीन महिनेही लागतात.

साधारणपणे ताप आठवड्यात उतरावा, कफ आणि छातीतलं दुखणं महिन्याभरात बरंच कमी व्हावं, खोकला नि धाप दीड महिन्यात. थकवा मात्र तीन महिनेसुद्धा रेंगाळतो. आपण डिस्चार्जच्या दिवशीच पेढे वाटून मोकळे होतो.

कोण किती सावरणार हे बरंचसं आधीच्या तब्येतीवर असतं. वाढलेली शुगर, दमा, हृदय, किडनी, विडी-दारू, पॅरालिसिसनंतर गिळताना लागणारा ठसका, सगळं हिशेबात येतं. दाखल करताना डॉक्टर वय 65 किंवा जास्त आहे का, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त आहे का, बीपी पडलंय का, रक्तातला युरिया वाढलाय का आणि माणूस भ्रमात आहे का, हे बघतात ते उगाच नाही. म्हाताऱ्यांना कधीकधी तापच येत नाही. बाबांनाही नव्हता. पेपर मांडीवर आणि "पेपरवाला आज आलाच नाही" म्हणून भांडत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, वय झालं. आईने मात्र घड्याळ लावून श्वास मोजले आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

घरी आल्यावर "पडून राहा" सांगणाऱ्यांची तर रांग! पडून पडून मांड्यांतली ताकद जाते, मग माणूस धडपडतो. फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं (खरं तर ओढायचं!) यंत्र बाबांनी केलंच, पण माझं माप वेगळं होतं: आंघोळ करून धाप न लागता बाहेर येतात का?

एक्स-रे फालतू आहे असं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि पन्नाशीपुढच्यांनी दीड-दोन महिन्यांनी परत काढायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. डागाआड गाठ असू शकते. खोकला हटतच नसेल तर थुंकी तपासा, टीबी न्यूमोनियाचं सोंग घेऊन येतो.

आणि लस. बाळांना न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. मोठ्यांना विकत घ्यावी लागते. बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर पानभर गोळ्या होत्या, लशीची एक ओळ नव्हती. आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हो हो, घ्यायलाच हवी."