वारा पडला म्हणून कौलांवर चढू नका

पावसाळा तोंडावर आला की हा फॉरवर्ड हटकून फिरायला लागतो: ‘चक्रीवादळाचा बाऊ करू नका.’ खाली पाच मुद्दे, जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’. यंदा तो मला दिवेआगरच्या मामींकडून आला. मामा सत्तरी ओलांडलेले, घर कौलारू, मागे नारळ-सुपारीची वाडी. फोन केला तर मामा म्हणाले, ‘बरोबरच लिहिलंय की.’ तेव्हापासून मला चैन नाही.

आधी चौथा मुद्दा घेते, कारण तो माणूस मारेल. ‘वारा थांबला की वादळ गेलं समजा, लगेच बाहेर पडून घराची डागडुजी करा.’ अहो, वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आला की वारा असाच पडतो! कधी काही मिनिटं, कधी तासभरही. आभाळ थोडं उघडतं, पाऊस थांबतो. मग वारा उलट्या दिशेने येतो, तितकाच जोरात. ईशान्येकडे सरकणारं वादळ थेट आपल्यावरून गेलं, तर आधीचा वारा आग्नेयेकडून, जमिनीवरून येतो आणि नंतरचा वायव्येकडून, समुद्रावरून. पहिल्या वाऱ्याने सैल केलेली कौलं, कललेले माड, सगळं दुसऱ्या वाऱ्याच्या तोंडी. आणि नेमका त्याच वेळी माझा मामा शिडी लावून वर, कौलं सारखी करत. १९२६ साली अमेरिकेतल्या मायामीत हेच झालं. वारा थांबला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि उरलेल्या अर्ध्या वादळात सापडले. वादळ पुढे सरकल्याचं प्रशासन सांगेपर्यंत घरातच थांबायचं.

पहिला मुद्दा: ‘२०२० साली निसर्ग चक्रीवादळ मुंबईवर येणार होतं, आलं का? हवामान खातं खोटं.’ मुंबई थोडक्यात वाचली, हे खरं. चॅनेलवाल्यांनी दिवसभर मुंबई-मुंबई केलं, हेही खरं. पण हवामान खात्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं: हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ, ३ जूनला दुपारी. आणि ३ जूनला दुपारीच ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वाऱ्यानिशी. ज्या मामांची सुपारी त्या दुपारी आडवी झाली, त्यांनीच ‘बरोबर लिहिलंय’ म्हणावं?

दुसरा: ‘टायफून जपान-फिलिपिन्सचे, आपल्याकडे तसलं काही नसतं.’ टायफून, हरिकेन, चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची वेगवेगळ्या समुद्रांतली नावं आहेत. दाब सारखा राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, हा तिसरा मुद्दा तर सरळ चुकीचा. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो.

पाचवा: ‘पक्कं घर असेल तर शाळेत हलायची गरज नाही, सरकारला फक्त आकडे दाखवायचे असतात.’ घर वाऱ्यात टिकेलही, पण पाण्याचं काय? नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान टायफूनने फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून जास्त माणसं नेली, टॅक्लोबान शहरात तर बहुतेक पाण्यानेच. इशारा मिळाला होता. पण ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणजे समुद्र फुगून घरात शिरणार, हे अनेकांना उमगलंच नाही. आपल्याकडेही नुसतं ‘उधाण’ म्हटलं की लोकांना नेहमीची भरती वाटते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. निसर्गनंतर गावंच्या गावं कित्येक आठवडे अंधारात होती, पंचनाम्यांसाठी लोक ताटकळले. त्या रागातूनच असले फॉरवर्ड खपतात. राग रास्त आहे, पण मदत उशिरा आली म्हणून आधी दिलेला इशारा खोटा ठरत नाही.

मामींना सांगून ठेवलंय: किनाऱ्यासाठी इशारा आला की रॉकेल, मेणबत्त्या, औषधं नंतर बघा, आधी शिडी कोठीत टाका आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.